बायजीकाकीकडं कुणी बघायचं नाही

हल्ली दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये डबा उघडला की मला सरावलीची मिरचीची वाडी आठवते. इथे उंबरगावला जेवायला अर्धा तास मिळतो. ज्याची त्याची खुर्ची, ज्याचा त्याचा मोबाइल. वाडीत आम्ही बाया पंपघराच्या सावलीत पाय पसरून बसायचो आणि जेवणापेक्षा बोलण्यालाच जास्त वेळ लागायचा. मुकादम दोनदा हाक मारून जायचा, तेव्हा कुठे आम्ही उठायचो.

बारावी झाल्यावर मी तिथे कामाला लागले. हिरव्या जाळीखाली मिरचीच्या लांबच लांब ओळी होत्या आणि एका ओळीला आम्ही चौघी असायचो. बायजीकाकी, रूपीमावशी, सुनितावहिनी आणि मी. मिरची देठासकट तोडायची, कमरेला बांधलेल्या ओटीत टाकायची, ओटी भरली की क्रेटमध्ये रिकामी करायची. काम दिसायला सोपं, पण दुपारपर्यंत हात असे भगभगायचे की वाटायचं, निखाऱ्यात घालून बाहेर काढलेत. पहिल्या आठवड्यात मी चुकून डोळ्याला हात लावला आणि पंपाच्या पाण्याखाली डोकं धरून रडले. रूपीमावशीनं माझे हात खोबरेल तेलानं चोळून दिले. बायजीकाकी लांबूनच म्हणाली, होईल सवय.

बायजीकाकी तेव्हा पन्नाशीची असेल. काटक, सावळी, बोलायला कमी. तिचा नवरा पांड्याकाका खलाशी होता. पावसाळा संपला की वेरावळला बोटीवर जायचा तो होळीलाच घरी यायचा. मुलगी चंद्रिका तलासरीला दिलेली. काकीच्या डब्यात रोज नाचणीची नाहीतर तांदळाची भाकर असायची, कालवण क्वचितच. बसायच्या आधी ती ओळीतल्या चार-पाच मिरच्या खुडायची, त्यांना मीठ चोळायची आणि भाकरीच्या घासाबरोबर काकडी खावी तशा खायची. नाकाला पाणी नाही, सुस्कारा नाही. आम्ही मिरचीतच जगणाऱ्या बाया, तरी तिच्याकडं बघून आमच्याच जिभा जळायच्या.

खरं तर तिच्याकडं बघता यायचंच नाही. ती नेहमी पंपघराच्या भिंतीकडं तोंड करून जेवायची. आमच्याकडं पाठ, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. बोलायची तेही भिंतीकडं बघूनच. मला वाटायचं, ऊन लागत असेल.

सतरा सालच्या जानेवारीत सुनितावहिनी डहाणूच्या बाजारात गेली होती. तिथे तिनं एक बॅनर पाहिला. कुठलं तरी तरुण मंडळ समुद्रकिनाऱ्यावर मेळा भरवणार होतं आणि त्यात तिखट मिरची खाण्याची स्पर्धा होती. बॅनरवर फोन नंबर होता. वहिनीनं तिथूनच फोन लावला आणि बायजीकाकीचं नाव देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी ओळीत शिरता शिरता तिनं हे सांगितलं. त्यावर काकी दुपारपर्यंत वहिनीच्या बाजूला फिरकली नाही.

जेवायला बसल्यावर भिंतीकडूनच प्रश्न आला. भाकर देतात का तिथं? वहिनी म्हणाली, भाकर नाही, नुसत्या मिरच्या. मग ते जेवण कसलं, असं म्हणून काकीनं भाकर मोडली. वहिनीनं माझ्याकडं बघून खांदे उडवले. आम्हाला वाटलं, विषय मिटला. पण डबा धुताना काकी हळूच म्हणाली, "नाव दिलंय तर जाईन. पण माझ्याकडं कुणी बघायचं नाही."

वहिनीला हसू आवरेना. स्टेजवर बसायचं, समोर एवढी माणसं येणार ती बघायलाच ना, असं तिनं समजावलं. काकीचं म्हणणं एकच. मिरच्या पाहिजे तेवढ्या खाईन, पण लोकांसमोर तोंड हलवणार नाही. रूपीमावशी आमच्यात सगळ्यात मोठी आणि सगळ्यात शहाणी. ती म्हणाली, मग तयारी मिरचीची नको, बघण्याची करू.

अशी आमची तयारी सुरू झाली. दुपारी आम्ही तिघी भिंतीला पाठ लावून बसलो आणि काकीला समोर बसवलं, म्हणजे तिला तोंड फिरवायला भिंतच उरली नाही. वहिनीनं तिचा पदर कमरेला खोचून दिला. काकीनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिली. मग तिला हसू फुटलं. मग आम्हाला. त्या दिवशी ती अर्धी भाकर डब्यात तशीच घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटून खाल्लं. रूपीमावशी म्हणाली, हे काही खरं नाही, आंधळी कोशिंबीर खेळायला चाललोय का आपण? तिसऱ्या दिवशी डोळे उघडे, पण हात तोंडावर. मग कधीतरी हातही खाली आला. घास चावताना तिचा गाल कसा हलतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिला खालच्या बाजूला दोन दात नव्हते. ती डाव्या बाजूनं चावायची, एकदम मन लावून, आणि चावताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसायचा.

आमच्यापुढं खाणं जमल्यावर वहिनीनं नविनला बोलावलं. नविन मिरचीचे क्रेट टेम्पोनं न्यायचा. त्याला सांगितलं, काही करू नकोस, फक्त काकीकडं बघ. तो बिचारा कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि थोड्या वेळानं स्वतःच लाजून टायर बघायला गेला. काकी म्हणाली, बघ, बघणाऱ्यालाच जमत नाही. त्यानंतर पॅकिंगमधले गडी हळूहळू यायला लागले. कुणी हसत, कुणी मिरच्या मोजत. एकदा आमच्या मागून शेठ कधी आला ते आम्हाला कळलंच नाही. आम्ही तिघी ताडकन उठलो. काकीच्या तोंडात मिरची होती. ती बसूनच राहिली, मिरची नीट चावून गिळली आणि मगच उठली. शेठ गुजराथीत काहीतरी पुटपुटला, हसला आणि निघून गेला. त्या दिवशी आम्हाला खात्री झाली की हे होणार.

मिरचीची तयारी त्या मानानं थोडी. पण नुसत्या मिरच्या खाणं तिलाही नवीन होतं. पहिल्या दिवशी भाकरीशिवाय खाल्ल्या तर दुपारभर पोटात पेटल्यासारखं झालं आणि ती ओळीतच बसून राहिली. मग रूपीमावशीनं रोज सकाळी नाचणीची आंबील पिऊन यायला सांगितलं. काकीची स्वतःचीही रीत होती. मिरची जिभेवर घोळवायची नाही, सरळ दाढेखाली ढकलायची. तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायचा. मध्ये बोलायचं नाही, कारण तोंड उघडलं की वारा लागतो आणि वाऱ्यानं आग वाढते. मीही एकदा तसं करून पाहिलं आणि पुन्हा पंपाखाली डोकं धरलं.

एका दुपारी मी तिला विचारलं की ती भिंतीकडं तोंड करून का जेवायची. मला वाटलं सांगणार नाही, पण सांगितलं. लग्न होऊन ती तलासरीकडच्या डोंगरातल्या गावातून इथे आली, तेव्हा पहिलाच पावसाळा होता. दिवसभर भाताची लावणी करून सगळे घरी जेवायला बसले. घरात पाहुणेही होते. तिनं तिसरी भाकर मागितली. तेव्हा तिचा जेठ, म्हणजे पांड्याकाकाचा थोरला भाऊ देवजी, ओटीवरून हसत म्हणाला, "पांड्यानं लग्न एकीशी केलं, पण जेवतात दोघी." सगळे हसले. सासूही हसली. तिनं ती भाकर परत टोपलीत ठेवली. त्यानंतर ती कधीच कुणासमोर जेवली नाही. घरात सगळ्यांचं झाल्यावर चुलीकडं तोंड करून बसायची, आणि भाकर कमी पडली तर मिरची जास्त घ्यायची. मिरची खाल्ली की पाणी खूप प्यायलं जातं, पाण्यानं पोट भरतं. तिखटाची सवय तिला तशी लागली.

देवजीकाकांचा तिला राग आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, राग कसला, त्यांना आठवतही नसेल. पांड्या बोटीवर गेला की घराला आधार त्यांचाच. पाऊस आला की आमच्या छपरावर पहिले तेच चढतात. फक्त त्यांच्यासमोर घास उतरत नाही, एवढंच.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही अर्धा दिवस काम करून निघालो. काकीनं हिरव्या काठाचं लुगडं नेसलं होतं आणि केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. सहा सीटच्या रिक्षात आम्ही दाटीवाटीनं बसलो. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपुढं मांडव घातला होता, गाणी जोरात लागली होती, भेळेच्या गाड्या, चिकूचे स्टॉल, उंटावर बसवणारा, सगळं होतं. स्टेजवर लांब टेबल आणि त्यामागं खुर्च्या. खुर्च्यांवर बहुतेक तरुण पोरं बसली होती. वापीकडचा एक आडदांड माणूस होता, त्याच्या मित्रांनी त्याच्यासाठी ढोल आणला होता. पालघरच्या कॉलेजची एक मुलगी होती. आणि कडेच्या खुर्चीवर जवळच्याच आगर गावचा मिथुन, मासेमारी करणाऱ्या घरातला, शांत, माझ्याच वयाचा.

काकी स्टेजच्या पायरीवर थांबली. मला वाटलं, आता मागं फिरणार. रूपीमावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली की आम्ही समोरच बसतो, तू आमच्याकडंच बघ, बाकी सगळी भिंत समज. काकी वर गेली. माइकवाल्यानं तिला विचारलं, काकू, काही बोलायचंय का? ती म्हणाली, नाही. लोक हसले, पण चांगलं हसले.

पहिल्या ताटलीत जाड, पोपटी मिरच्या होत्या. त्या सगळ्यांनीच खाल्ल्या. मग लांब, बारीक मिरच्या आल्या आणि एकेकाचे चेहरे बदलायला लागले. कॉलेजची मुलगी हात जोडून हसत उठली. एका पोरानं पाण्याची बाटली डोक्यावरच ओतून घेतली. लवंगी आली तेव्हा टेबलाशी चार-पाच जणच उरले होते. काकी आमच्याकडं बघत होती आणि आम्ही तिच्याकडं. देठ धरायचा, दाढेखाली ढकलायची, तोंड मिटायचं. तिच्या कपाळावर घाम आला होता, पण हात तसाच चालला होता, जसा ओळीत चालायचा. माझ्या शेजारी सुनितावहिनी नकळत स्वतःच चावत होती.

तेवढ्यात काकीचा हात थांबला. ती आमच्या डोक्यावरून मागं बघत होती. मी वळून पाहिलं. गर्दीच्या कडेला देवजीकाका उभे होते, खांद्यावर चिकूचा क्रेट घेऊन. ते घोलवडच्या एका वाडीत कामाला होते आणि त्या वाडीचा मेळ्यात स्टॉल होता. काकी स्पर्धेत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिनं घरी सांगितलंच नव्हतं.

काकीनं कमरेचा पदर सोडला आणि तोंडावर घेतला. हातातली मिरची हातातच राहिली. माइकवाला घाई करायला लागला, काकू, वेळ चाललाय. वापीवाल्याचा ढोल वाजत होता. वहिनी उठून उभी राहिली, पण काय करावं ते तिलाही कळेना. रूपीमावशी नुसती देवजीकाकांकडं बघत राहिली.

देवजीकाकांनी काकीकडं पाहिलं. तिच्या तोंडावरचा पदर पाहिला. मग त्यांनी क्रेट वाळूत उतरवला, स्टेजकडं पाठ केली आणि समुद्राकडं तोंड करून क्रेटवर बसले. सगळी गर्दी स्टेजकडं बघतेय आणि हा एक म्हातारा पाण्याकडं. शेजारच्या कुणीतरी त्यांना हलवून काहीतरी सांगितलं, बहुतेक इकडं बघा म्हणून. त्यांनी मान हलवली आणि ते तसेच बसून राहिले.

काकीनं पदर खाली घेतला. पुन्हा कमरेला खोचला. हातातली मिरची दाढेखाली ढकलली आणि तोंड मिटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी म्हणाली, तू काय रडतेस, मिरच्या ती खातेय.

वापीवाला लवंगीनंतर उठला. त्याचा चेहरा लालभडक झाला होता आणि मित्रांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. शेवटी राहिले मिथुन आणि काकी. त्यांच्यापुढं रानातली बारीक, टोकाकडं काळपट मिरची ठेवली. मिथुनच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पण तो थांबत नव्हता. काकी रडत नव्हती, पण हळू झाली होती. ताटलीत थोड्या मिरच्या उरल्या असताना तिनं ताटली पुढं सरकवली आणि हात झाडले. माइकवाल्यानं विचारलं, काय काकू, लागली का तिखट? तिनं पहिल्यांदाच माइककडं तोंड नेलं.

"तिखट नाही. भाकर असती तर अजून खाल्ल्या असत्या. नुसत्या किती खायच्या?"

त्यावर जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या मिथुनला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाही पडल्या नाहीत. काकीला दुसरं मिळालं, मिक्सर. मिथुन खाली उतरून तिच्या पाया पडला आणि मग धावत जाऊन समुद्राच्या दिशेनं थुंकत राहिला.

आम्ही काकीला घेऊन मांडवाबाहेर आलो. वहिनीनं बर्फाचा गोळा आणला, तो ती जिभेवर धरून उभी होती. देवजीकाका चिकूचा क्रेट स्टॉलवर पोचवून आमच्याकडं आले. काकीची मान आपोआप खाली गेली. मलाही भीती वाटली, आता घरी न सांगितल्याबद्दल बोलतील. ते काही वेळ मिक्सरच्या खोक्याकडं बघत होते. मग म्हणाले, "मिरच्याच खाल्ल्यास. जेवलीस कुठं?"

ते पुढं चालायला लागले आणि आम्ही मागून. रस्त्यापलीकडं एक पत्र्याची खानावळ होती. त्यांनी सगळ्यांसाठी भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण सांगितलं. एकच लांब टेबल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाक, त्यामुळे काका एका बाजूला आणि आम्ही चौघी समोर, असंच बसावं लागलं. ताटं आली. काकांनी खाली मान घालून जेवायला सुरुवात केली. काकी ताटाकडं बघत बसली होती. थोड्या वेळानं तिनं भाकर मोडली. पहिला घास खूप वेळ चावला. मग दुसरा घेतला.

एक भाकर संपली, दुसरी संपली. काकांनी मान वर न करता वाढणाऱ्याला हाक मारली आणि काकीच्या ताटाकडं बोट केलं. वाढणाऱ्यानं तिसरी भाकर ठेवली. काकीनं ती परत केली नाही. त्यांना तो जुना पावसाळा आठवत होता का, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही. काकीनंही विचारलं नसावं.

मिक्सर तिनं चंद्रिकाला देऊन टाकला. होळीला पांड्याकाका आला तेव्हा त्याला ही सगळी हकिगत पाड्यातल्या लोकांनीच सांगितली, तीही वाढवून वाढवून. त्यात वापीवाल्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं आणि काकीनं पोतंभर मिरच्या खाल्ल्या होत्या. पुढच्या जानेवारीत वहिनीनं पुन्हा नाव द्यायचं काढलं, पण त्या वर्षी मेळाच झाला नाही. काकीला त्याचं काही वाटलं नाही. दुपारी ती आता आमच्यासारखीच पाय पसरून बसायची आणि नविन आला की त्याला विचारायची, बघायला आलास का?

अजून दोन हंगाम आम्ही एकत्र काढले. मग शेठनं ती जमीन विकली. जाळ्या उतरवल्या, लोखंडी खांब उपटून ट्रकमध्ये भरले. शेवटच्या तोडणीला क्रेट कमी पडले म्हणून कितीतरी मिरच्या झाडांवरच राहिल्या आणि लाल झाल्या. रूपीमावशी घोलवडला चिकूच्या पॅकिंगला लागली, सुनितावहिनी नवऱ्याबरोबर बोईसरला गेली, आणि मला उंबरगावला ही नोकरी मिळाली. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, मध्ये मशीन. फोनवर बोलणं व्हायचं, पण फोनवर आम्ही सगळ्याजणी कशा आहात, बरं आहे, एवढंच बोलायचो. ओळीत जे बोलणं व्हायचं ते हात चालू असताना व्हायचं, बहुतेक म्हणून.

परवाच्या रविवारी काकीनं निरोप पाठवला की तूर झोडायची आहे, हात कमी आहेत, जमलं तर या. मला वाटलं, सगळ्यांना कुठं जमणार. पण सकाळी पोचले तर रूपीमावशी आधीच अंगणात बसली होती आणि वहिनी बोईसरहून पहिल्या गाडीनं आली होती. काकीनं आम्हाला बसायलाही सांगितलं नाही, हातात काठ्या दिल्या. तुरीच्या वाळक्या शेंगा फुटून दाणे उडत होते, कोंबड्या धावत होत्या, देवजीकाका ओटीवरून त्यांना हाकलत होते. वहिनीनं तिच्या सासूची एक गोष्ट सुरू केली, ती दुपारपर्यंत संपली नाही. रूपीमावशी मध्येच तिला खोडून काढत होती. मी सुपानं पाखडत होते. भुसा वाऱ्यानं सगळा माझ्याच केसांत येत होता, आणि माझी परतीची गाडी कितीची आहे हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.